ऊन काचेच्या बाहेरच अडवावे

घराच्या जुन्या खिडक्या-दारे काढून ऊर्जा वाचवणारी नवी बसवावीत का, बसवायची तर कोणती, आणि त्यासाठी पैसा कसा उभा करायचा, हा आजचा विषय. व्याख्यानमालेला तो जरा घरगुती वाटेल. पण इंदूरच्या कृष्णपुऱ्यातून राजवाड्याकडे चालत गेले तरी दर चार-पाच घरांआड एखाद्या दर्शनी भिंतीतली सागवानी चौकट उपटून तिथे पांढरी प्लास्टिकची सरकती खिडकी बसवलेली दिसते. विकणारा सांगतो, काच दुहेरी आहे, उष्णता आत येणार नाही, विजेच्या बिलातून पैसे वसूल होतील. या तीन विधानांपैकी पहिले सहसा खरे असते, दुसरे अर्धवट खरे असते आणि तिसरे माळव्यातल्या घरापुरते बहुतेक वेळा खोटे ठरते. ते का खोटे ठरते, हे मला आज आकड्यांनिशी मांडायचे आहे. आपल्याकडे खिडकीवरचा पहिला रुपया तावदानाच्या बाहेर खर्च व्हावा, आणि दुहेरी काचेची पाळी सगळ्यात शेवटी यावी, असे माझे म्हणणे आहे.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी आत येते. बाहेरची हवा तापलेली आणि आतली थंड असली की काचेतून उष्णता झिरपते, ही एक वाट. ही गळती यू-व्हॅल्यू या आकड्याने मोजतात. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू 5.7 च्या आसपास असते, मध्ये हवेची पोकळी ठेवलेल्या दुहेरी काचेची 2.8 च्या आसपास. म्हणजे गळती निम्म्यावर येते, आणि विक्रेता बोट ठेवतो ते याच आकड्यावर. दुसरी वाट थेट उन्हाची. काचेवर पडलेल्या उन्हाचा किती भाग उष्णता होऊन घरात येतो, ते एसएचजीसी या गुणांकावरून कळते. साध्या काचेचा हा गुणांक 0.8 च्या वर असतो आणि साध्याच दुहेरी काचेचा 0.7 च्या आसपास. इथे दुहेरी काचेने फारसे काही साधत नाही, कारण ऊन पारदर्शक काच एक असो वा दोन, आरपार जातेच.

आता मे महिन्यातली दुपारी चारची वेळ घेऊ. बाहेर 40 अंश, आत एसीने राखलेले 26, आणि पश्चिमेच्या भिंतीत चार फूट बाय चार फुटांची, म्हणजे साधारण दीड चौरस मीटरची खिडकी. एकेरी काचेतून झिरपणारी उष्णता होते सुमारे 120 वॉट, दुहेरीतून 60. वाचले 60 वॉट. त्याच वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला 600 वॉट ऊन पडते असे धरले, तर खिडकीवर 900 वॉट पडले आणि त्यातले 740 च्या घरात आत आले. दुहेरी काच बसवली तर हे 630 वर उतरते. पण काचेच्या बाहेर, तिच्यापासून वीतभर अंतर सोडून, बांबूची चीक टांगली आणि तिने तीन चतुर्थांश ऊन अडवले, तर आत येतात जेमतेम 185 वॉट. एका बाजूला दुहेरी काचेची दोन्ही मिळून 170 वॉटची बचत, दुसऱ्या बाजूला चिकेची 550 वॉटची. आणि ही चीक बाहेरच हवी. आत पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

याच आकड्यांचे रुपये करू. वर्षाचे 100 दिवस, रोज 8 तास एसी, त्यातले 3 तास खिडकीवर ऊन, एसीची कार्यक्षमता साडेतीन पट आणि युनिटला सगळे आकार धरून 8 रुपये, असे समजा. मग दुहेरी काचेने वर्षाला साधारण 23 युनिट, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे रुपये वाचतात. बाहेरच्या सावलीने 47 युनिट, म्हणजे पावणेचारशे रुपये. नव्या दुहेरी काचेच्या खिडकीला चौरस फुटामागे 900 रुपये धरले, तर सोळा फुटांची खिडकी 14,400 रुपयांना पडते, वर 18 टक्के जीएसटी. जीएसटी सोडला तरी वसुलीला सत्तर-ऐंशी वर्षे लागतील. कुणी म्हणेल, खिडकी बदलायचीच होती, तेव्हा फक्त दुहेरी काचेचा जादा खर्च धरा. फुटाला 250 रुपये धरून तो 4,000 होतो, आणि वसुली वीस-बावीस वर्षांवर जाते. पण दोन काचांमधली हवाबंद जोडणी साधारण पंधरा ते पंचवीस वर्षे टिकते. ती फुटली की आत बाष्प साचून काच धुरकट होते, आणि मग दुरुस्ती नसते, अख्खे तावदानच बदलावे लागते. चीक हजार-पंधराशे रुपयांत येते. ती तीन-चार पावसाळ्यांत कुजेल हे मला मान्य आहे. तेवढ्या काळात तिने आपली किंमत फेडलेली असते.

हे आकडे ऐकून जाणकार माणूस विचारेल की ऊन परतवणाऱ्या लेपाच्या काचेचे काय? आक्षेप रास्त आहे. लो-ई म्हणून विकल्या जाणाऱ्या काचेतली ऊन अडवणारी जात एसएचजीसी 0.3 पर्यंत खाली आणते, आणि तिथे काच चिकेच्या जवळपास पोचते. बाहेर काही टांगायला जागाच नाही अशा उंच इमारतीत, पश्चिमेला मोठे तावदान असेल, तर मी हीच काच सुचवीन. पण ही काच बाराही महिने ऊन अडवते. इंदूरला जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि तेव्हा दक्षिणेचे ऊन घरात हवे असते. छज्ज्याला हा भेद आपोआप कळतो. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहोत. जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरमध्ये तोच सूर्य मध्यान्हीला 44 अंशांवर असतो आणि त्याच छज्ज्याखालून ऊन आत येते. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग थोडाच, कारण संध्याकाळचे ऊन आडवे येते. तिथे उभी आडोशाची वस्तू लागते: चीक, फळ्यांची झडप, नाहीतर जाळी.

होळकरांनी या प्रश्नाची दोन उत्तरे याच शहरात बांधून ठेवली आहेत. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. त्याचे झरोके आणि सज्जे उन्हाला भिंतीबाहेरच थोपवतात. माणिकबाग ही राजनिवासाची इमारत 1930 ते 1933 या काळात एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराने यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी उभारली. तिथे वातानुकूलन होते आणि बरेचसे सामान जर्मनीत घडवून बोटीने आणले होते. माणिकबाग सुंदरच आहे, पण यंत्राने गारवा आणायचा तर दौलत लागते. आपल्या गल्लीतल्या घराला राजवाड्याची युक्ती परवडते, आणि आपण नक्कल मात्र माणिकबागेची करतो. त्याच्याही आधी पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल लिहिला, तो 1918 साली दोन खंडांत निघाला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, हवा-उजेडासाठी नेमके जिथे अडते तेवढेच काढा आणि बाकीचे दुरुस्त करा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा सल्ला गल्ल्यांसाठी होता. मी तो चौकटीला लावतो.

कारण आपल्या उन्हाळ्याचा स्वभावच निराळा आहे. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, दिवसा 40 आणि पहाटे 25 अंश. या कोरड्या हवेमुळेच इंदूरच्या असंख्य घरांत कूलर चालतो. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, आणि तेवढीच हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जावी लागते. खिडक्या हवाबंद केल्या की कूलर खोलीत दमटपणा कोंडतो आणि गारवा संपतो. म्हणजे ज्या घरात कूलर आहे, तिथे हवाबंद खिडकीवर पैसे घालणे म्हणजे आपणच आपल्या कूलरला बूच मारणे. रात्रीचेही तसेच. दिवसभर तापलेल्या भिंती निवायला रात्रीची हवा भरपूर आत यायला हवी, आणि इथे सरकती खिडकी दगा देते. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते, बिजागरीवरची जवळजवळ पूर्ण उघडते. ऊर्जा दक्षता ब्युरोची 2018 ची इको निवास संहिता हाच हिशेब धरते: सरकत्या खिडकीचे 50 टक्के क्षेत्र उघडे मानायचे, बिजागरीच्या खिडकीचे 90 टक्के. आपल्यासारख्या संमिश्र हवामानासाठी तिने घराच्या चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के इतकी उघडणारी खिडकी मागितली आहे. ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्या जुन्या घरांना ती बांधील नाही. पण तिचे गणित आपल्यालाही लागू पडते. चौकटीला वर आणि खाली वेगळी कवाडे असलेली जुनी खिडकी या कसोटीवर आजही उत्तीर्ण होते. वरची उघडून तापलेली हवा सोडायची, खालची लावून रस्त्याची नजर अडवायची.

दाराचे काम त्याहून सोपे. ज्या खोलीत एसी आहे, तिथल्या दाराखालची फट पाहा. अर्धा सेंटीमीटर उंच आणि 90 सेंटीमीटर रुंद फट म्हणजे 45 चौरस सेंटीमीटरचे भोक झाले, आणि ते दिवसरात्र उघडे. उंबरठे काढून टाकल्यापासून ही फट घराघरांत आली. पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा पळेल तिथे गळती आहे. दाराच्या तळाला ब्रशची पट्टी, चौकटीच्या खाचेत रबराची पट्टी, आणि तावदानाभोवतीची तडकलेली लांबी खरवडून नवी भरणे, एवढे काम काही शे रुपयांत आणि सुताराच्या एका दिवसात होते. गच्चीचा दरवाजा लोखंडी पत्र्याचा असेल तर त्याला बाहेरून पांढरा रंग द्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर खिडकीच्याही आधी छताकडे पाहावे. गच्ची तापत असताना खिडकीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

उरलेले आक्षेप उष्णतेचे नाहीत, पण खोटेही नाहीत. रस्त्याचा आवाज, धूळ, वाळवी, पावसाने फुगणारे पल्ले. आवाजासाठी दुहेरी काच किंवा लॅमिनेटेड काच खरोखर काम करते. रहदारीवर झोपण्याची खोली असेल तर तिथे ती जरूर बसवा, फक्त ती झोपेसाठी घेतली असे मनाशी स्पष्ट ठेवा, बिल वाचेल म्हणून नव्हे. चौकट वाळवीने पोखरली असेल, स्क्रू धरत नसेल, तर बदलायलाच हवी. मग यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची घ्या, बिजागरीची घ्या, आणि आत पोलादी पट्टी आहे ना ते पाहा. अॅल्युमिनियम स्वस्त आणि टणक असते, पण उष्णता त्यातून सरळ आत येते. जुने सागवान मात्र भंगाराच्या भावाने देऊन टाकू नका. बऱ्याचदा खालचा एक हात आणि बिजागऱ्या बदलल्या की तीच चौकट आणखी एक पिढी उभी राहते.

आता पैशाचे. दहा खिडक्यांसाठी दीड लाखाचे कर्ज 12 टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच 18,000 च्या घरात जाते. दुहेरी काचेची बचत, वरच्या हिशेबाने आणि दहाही खिडक्या पश्चिमेच्या धरल्या तरी, दोन हजारांच्या आत राहते. घरदुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत, स्वतः राहत्या घरासाठी, 30,000 रुपयांपर्यंत मिळते. तिने व्याज थोडे हलके होते, गणित उलटत नाही. बिनव्याजी हप्त्यांचे आमिष दाखवले तर रोखीचा भाव आधी विचारा. दोन्हींतला फरक हेच व्याज असते. अमेरिकेत 2023 ते 2025 या काळात ऊर्जाबचतीच्या खिडक्यांवर खर्चाच्या 30 टक्के, जास्तीत जास्त 600 डॉलरपर्यंत करसवलत होती. तिथे बऱ्याच भागांत हिवाळा लांब असतो आणि घर दिवसरात्र तापवावे लागते, म्हणून तो विचार जुळतो. आपल्याकडे सरकारी मदत गच्चीवरच्या सौरऊर्जेला आहे, सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत 78,000 रुपये. स्वतःची मोकळी गच्ची असेल तर कर्ज काढायचेच झाल्यास ते त्यासाठी काढा. आणि ज्यांचे महिन्याचे बिल 150 युनिटांच्या आसपास घुटमळते, त्यांना दहा-पंधरा युनिटही मोलाचे आहेत, कारण अटल गृह ज्योती योजनेत पहिल्या 100 युनिटांना 100 रुपये हा दर त्या मर्यादेच्या आतल्या घरांनाच मिळतो. भाडेकरूंचा प्रश्न वेगळा. मालक चौकट बदलणार नाही आणि भाडेकरूने दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालू नयेत. पण चीक आणि दाराची पट्टी घर सोडताना बरोबर नेता येते.

तेव्हा क्रम असा ठेवा. या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा, पावसाळ्याआधी फटी आणि लांबी, दिवाळीच्या साफसफाईत बिजागऱ्या आणि रंग. हे सगळे महिन्याच्या खर्चातून निघते. त्यानंतरही एखादी खिडकी बदलावीशी वाटली, तर ती एकच बदला आणि एक उन्हाळा तिचा अनुभव घ्या. विक्रेत्याकडून दरपत्रक घेताना त्यावर त्या तावदानाची यू-व्हॅल्यू आणि एसएचजीसी, दोन्ही आकडे लेखी मागा. ते लिहून मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका.