छटाकभर वजनाची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत मला नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. सगळे ‘छटाक’ म्हणायचे. आज सकाळी दारात बिल्ले वाटणाऱ्यानेही आधी तेच लिहिलं आणि मग माझं तोंड बघून खोडलं. प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करायचे तेव्हा रांगेत पहिला मी. अभ्यासात जो पहिला नंबर कधी आला नाही, तो मला तिथे रोज मिळायचा.

संयोजकांनी मला सांगितलं, “घोड्यांच्या रेसबद्दल बोल, पण टिप देऊ नकोस.” टिप देण्याइतकं मला कळत असतं तर इथे स्कूटरवरून आलो नसतो. मी आठ वर्षं जॉकी होतो, नंतर पागेत कामाला राहिलो आणि अजून आहे. नाव व्हावं असा जॉकी मी नव्हतो. पांडू खाडे, पेसी श्रॉफ ही नावं तुमच्यातल्या काहींनी ऐकली असतील. त्यांच्या रांगेत मी पासंगालाही पुरलो नसतो. पासंग हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच वापरून ठेवला.

बाहेरच्या माणसाला वाटतं की रेस म्हणजे ज्याचा घोडा जोरात, तो जिंकला. डर्बीसारख्या मोठ्या शर्यतींत साधारण तसंच असतं. वजनं आधीच ठरलेली असतात, घोडीला थोडी सूट असते, बाकी सगळे सारखे. पण रोजच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. आपल्या वर्गातला सगळ्यात वेगवान गडी समोर तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. आता त्याचं पोट बघा, पण तेव्हा शंभर मीटरला तो सुटला की आम्ही धूळ खायचो. समजा ड्रिलच्या सरांनी ठरवलं असतं की ह्याच्या पाठीवर सगळ्या वर्गाची दप्तरं बांधायची, मधल्यांच्या पाठीवर दोन-दोन आणि छटाकच्या पाठीवर काहीच नाही, म्हणजे सगळे एकदम दोरीला लागतील. हँडिकॅप तो हाच. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंगचा आकडा मिळतो आणि दोन घोड्यांच्या रेटिंगमध्ये एका आकड्याचा फरक असेल, तर आपल्याकडे वजनात अर्ध्या किलोचा फरक पडतो. ६६ रेटिंगच्या घोड्याला ६० किलो दिले, तर ४६ वाल्याला ५०. जिंकला की रेटिंग वाढतं, पुढच्या वेळी ओझं वाढतं. हरत राहिला की उतरतं. हे ठरवणाऱ्या माणसाला हँडिकॅपर म्हणतात. त्याचं स्वप्न असं की सगळे घोडे एका ओळीत पोहोचावेत, आणि त्या स्वप्नापायी मालक, ट्रेनर, बुकी सगळे त्याला शिव्या घालतात. इंग्लंडात १८५५ पासून हे काम ॲडमिरल राऊस नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याने केलं. वयाप्रमाणे घोड्याने किती वजन घ्यावं याचा जो तक्ता जगभर चालतो, त्याचं मूळही त्याच्याकडेच जातं.

आता ५० किलो म्हणजे काय? जॉकी, त्याचे कपडे, बूट आणि खोगीर मिळून ५०. शर्यतीआधी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं. कमी भरलं तर खोगिराखालच्या कापडाला खिसे असतात, त्यात शिशाचे पत्रे घालतात. हा आमचा पासंग. जास्त भरलं तर मात्र काढणार काय? थोडं जास्त असेल तर ते फलकावर सगळ्यांना दिसेल असं लावतात, फार असेल तर तुम्हाला उतरवून दुसऱ्याला बसवतात. शर्यत संपल्यावर पुन्हा काट्यावर, वाटेत शिसं कुठे सांडलं नाही ना हे बघायला.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. ६० किलोचा घोडा म्हणजे शर्यतीतला सगळ्यात चांगला घोडा. त्याच्यावर नामांकित जॉकी बसतो. तो ५६ किलोचा असला तरी चालतं, तो दुपारी वरणभात खाऊन येऊ शकतो. ५० किलो कोणाला? शर्यतीतल्या सगळ्यात कमकुवत घोड्याला. त्याच्यावर बसायला नवीन पोरगा शोधतात. म्हणजे ज्याच्या जिंकण्याची आशा सगळ्यात कमी, त्याच घोड्यासाठी माणसाने सगळ्यात जास्त उपाशी राहायचं. नियम घोड्यांना समान करायला केलेला आहे आणि घोड्यांपुरता तो चांगलाच आहे. खाली उभ्या असलेल्या पोराचा त्यात कुठे हिशोब नाही.

ऑस्ट्रेलियात फार लॅप नावाचा घोडा होऊन गेला. १९३० चा मेलबर्न कप त्याने साडेबासष्ट किलो घेऊन मारला. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो चढवले आणि तो आठवा आला. ही गोष्ट रेसवाले डोळ्यात पाणी आणून सांगतात. मी मात्र दरवेळी दुसऱ्या आकड्याशी अडतो. त्या १९३१ साली जो जिंकला, त्या व्हाइट नोजवर साडेत्रेचाळीस किलो होते. खोगिरासकट साडेत्रेचाळीस! वर बसलेला माणूस केवढा असेल? त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पाहिलं नाही.

मी दहावीनंतर ट्रेनरकडे लागलो तेव्हा ४१ किलोचा होतो. पागेत शिरलो तर सगळ्यांनी मला उचलूनच घेतलं. शाळेत ज्यासाठी चिडवायचे त्याच गोष्टीला तिथे पगार होता. पहाटे चारला उठायचं, घोडा फिरवायचा, पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी. मग अप्रेंटिसचं लायसन मिळालं. अप्रेंटिसला वजनात आणखी काही किलो सूट असते, म्हणून ट्रेनर त्याला बोलावतात. पण जिंकत गेलं की ती सूट कमी होत जाते, म्हणजे हँडिकॅप आम्हालाही होताच. आणि अठराव्या वर्षी, देवाला काय सुचलं माहीत नाही, छटाक वाढायला लागला. दोन वर्षांत साडेपाच फूट. आई खूश, शेजारीपाजारी खूश. मी रात्री उशाशी वजनकाटा घेऊन झोपायचो.

अंगच्या ५६ किलोचे ४९ करायचे. ते कसे करतात हे मुलांसमोर सांगत नाही, पण इथे सगळे पन्नाशी-साठीचे आहोत. अंगाला प्लॅस्टिक गुंडाळायचं, वर दोन स्वेटर, वर रेनकोट आणि भर उकाड्यात पळायचं. वाफेच्या खोलीत बसायचं. बर्फ चघळायचा आणि पाणी थुंकायचं. लघवी होण्याच्या गोळ्या घ्यायच्या. एवढं करून आदल्या दिवशी सबंध दिवसात अर्धा कप कोरा चहा. जीभ टाळ्याला चिकटते, पायात गोळे येतात, आणि माणूस विलक्षण चिडका होतो. बहिणीच्या लग्नात पंगतीला बसायची वेळ आली तेव्हा मी मांडवातून निघून गेलो होतो. मित्रांनो, तेव्हा तुम्ही म्हणालात, “रेसकोर्सवर गेला आणि शेफारला.” मला जिलबीचा वास सहन होत नव्हता.

१९८७ च्या दिवाळीत बाई आमच्या घरी आल्या. हो, व्यासपीठावरच्या ह्याच बाई. मी सणाचा घरी आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. स्टीलचा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, “किती रे वाळलास! सगळ्या तुझ्या आहेत, कुणाला देऊ नकोस.” ओल्या नारळाच्या करंज्या. चार दिवसांनी शर्यत होती, घोड्यावर ५१ किलो, आणि मला अजून दोन किलो उतरवायचे होते. मी डबा घेऊन पागेत गेलो आणि मोतद्दाराच्या पोरांना सगळ्या करंज्या वाटून टाकल्या. एक करंजी हातात धरून किती वेळ बसलो होतो ते सांगत नाही. पुढे बाई बाजारात भेटल्या, त्यांनी विचारलं, “आवडल्या का?” मी म्हटलं, “बाई, दोन दिवसांत फस्त.” बाई, ते मी खोटं बोललो होतो. इतकी वर्षं झाली, आज सगळ्यांच्या देखत सांगतो.

त्या शर्यतीत काट्यावर साडेएक्कावन्न भरले. अर्धा किलो जास्त. फलकावर लागलं. घोडा फारसा नावाजलेला नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या मनात होतं. शेवटच्या दोनशे मीटरला आम्ही पुढे होतो. मला फक्त पांढरं दिसत होतं, हात चालत होते का नाही ते ठाऊक नाही. फोटो काढून निकाल लागला. आम्ही डोकंभर मागे. मैलाच्या शर्यतीत दीड किलो म्हणजे घोड्याची एक लांबी असा जुना ठोकताळा आहे, त्या हिशोबाने अर्धा किलो म्हणजे लांबीचा तिसरा हिस्सा झाला. डोकं त्यापेक्षा लहान. ठोकताळा कितपत खरा ते घोड्यालाच विचारायला हवं, पण मालकाने मला तो त्याच संध्याकाळी ऐकवला. आणि मला काय वाटलं असेल? की बर्फसुद्धा चघळायला नको होता.

बऱ्याच वर्षांनी एका म्हाताऱ्या ट्रेनरने मला फ्रेड आर्चरची गोष्ट सांगितली. इंग्लंडचा तेरा वेळा अव्वल ठरलेला जॉकी, २,७४८ शर्यती जिंकलेला. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला असता. तो जुलाबाचं एक जालीम औषध घ्यायचा, त्याला त्याच्याच नावाने ‘आर्चर मिक्श्चर’ म्हणत. १८८६ च्या ऑक्टोबरात न्यूमार्केटला केंब्रिजशायर हँडिकॅप होती. सेंट मिरिन नावाच्या घोड्यासाठी त्याने स्वतःला उपाशी मारलं, तरी एक पौंड जास्त भरला. डोकंभर हरला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको बाळंतपणात गेली होती, अंगात त्राण नव्हतं, तापाने धरलं आणि नोव्हेंबरात त्या भ्रमात त्याने स्वतःला गोळी घातली. वय २९. हे ऐकल्यावर मी त्या रात्री जेवलो नाही. आणि जेवलो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःवरच चिडलो, कारण तेव्हा मला घोडदौड सोडून बरीच वर्षं झाली होती आणि न जेवायचं काही कारणच नव्हतं.

मी सोडली ती सव्विसाव्या वर्षी. पडलो. मोठा अपघात नव्हता, सकाळच्या सरावात चक्कर येऊन खाली आलो, मनगट गेलं. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, हाडं म्हाताऱ्या माणसासारखी दिसतात. आयर्लंडमध्ये जॉकींची तपासणी झाली, त्यातही हाडं विरळ झालेली आढळली, हे मी नंतर वाचलं. तिकडे आता थोडं बदलतंय. ब्रिटनमध्ये २०२१ पासून रेसकोर्सवरच्या वाफेच्या खोल्या कायमच्या बंद केल्या आणि अंगातल्या संरक्षक जाकिटासाठी तीन पौंडांची सूट दिली. तीन पौंड! आमच्या वेळी कुणी तीन पौंड दिले असते, तर मी त्यात एक भाकरी आणि झोप बसवली असती.

आता पागेत नवी पोरं येतात, त्यांना बसायला शिकवतो. आठवड्यातून एकदा मीच त्यांना काट्यावर उभं करतो आणि उंचीही मोजतो, कारण वजनापेक्षा उंची आधी सांगते. मागच्या वर्षी एका पोराच्या वडिलांना बोलावून म्हटलं, “हा वाढणार आहे, ह्याला शाळेत घाला.” ते माझ्याशी भांडले. घरातला पहिला पगार बंद होणार होता, भांडणारच. पोरगा अजून येतो, पण सकाळी घोडे फिरवायला आणि तेवढंच. मग शाळेत जातो. रोज पोटभर नाश्ता करतो का, हे मी त्याच्या आईला फोन करून विचारतो, आणि तिलाही माझा कंटाळा आलेला आहे.

बाई, तुमचा तो डबा. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं आहे म्हणून घरात कुणी टाकला नाही. आज आणलाय. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून बायकोने काल करंज्या केल्या, ओल्या नारळाच्या. पंधरा होत्या. येताना रिक्षातळाजवळ स्कूटर थांबवली आणि त्यातली एक मी खाल्ली, तेव्हा चौदा मोजून घ्या.