आंदण म्हणून जायचे नाकारलेली दासी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



काम अंगावर पडले की "मी काय कोणाची बटीक आहे?" असे आपण सहज बोलून जातो. ही बटीक, म्हणजे विकत घेतलेली बाई, आपल्या मुलखात खरोखरच होती. पेशवाईत तिला कुणबीण म्हणत. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली, बदकर्माचा ठपका येऊन सरकारात जमा झालेल्या बायका, अशा त्या असत. दळणकांडण, शेणगोठा, पागेतले काम त्यांच्याकडे. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर दासीही आंदण देत. कंपनी सरकारने १८४३ साली कायदा करून माणसावरची मालकी कोर्टात अमान्य ठरवली. पण बिडकीन तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता.

कुणबिणींची किंमत जुन्या कागदांत सापडते, त्यांचे स्वतःचे म्हणणे सहसा सापडत नाही. म्हणून मी अमेरिकेतल्या एका दासीची हकीकत सांगते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या तिकडच्याच लोकांना अर्पण केले होते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

ओना जज ही राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरची दासी. आई शिवणकाम करी, मुलगीही सुईत तरबेज. बाईसाहेबांची वेणीफणी, कपडे सारे तिच्याकडे. ती साधारण बावीस वर्षांची असताना तिला कळले की, बाईसाहेबांच्या नातीला आपण आंदण जाणार. १७९६ च्या मे महिन्यात मंडळी फिलाडेल्फियाहून व्हर्जिनियाला जायची बांधाबांध करीत होती. ओनानेही बांधाबांध केली, पण वेगळ्या वाटेची! आपल्या चीजवस्तू ओळखीच्या काळ्या लोकांकडे आधीच पोचवल्या आणि २१ मे रोजी घरचे जेवायला बसले असता ती बाहेर पडली. जहाजाने पोर्ट्स्मथला पोचली. तिला धरण्यासाठी वर्तमानपत्रात दहा डॉलरचे इनाम लागले.

तिला पोटच्या मुलीसारखे वागवले होते, अशा अर्थाचे वॉशिंग्टननी पत्रात लिहिले. पण भगिनींनो, पोटची मुलगी कोणी आंदण देत नाही. मालकांच्या मागे मला मोकळी करा, म्हणजे परत येते, असे तिने कळवले; ते त्यांनी फेटाळले. १७९९ साली पुन्हा माणूस आला, तेव्हा ती आधीच निसटली होती.

पुढे तिने एका खलाशाशी लग्न केले. तीन मुले झाली, आणि आई कायद्याने दासी म्हणून तीही कायद्याने परक्याची मालमत्ता! नवरा लवकर गेला, गरिबी सुटली नाही. मात्र ती वाचायला शिकली. १८४५ साली एकाने तिला विचारले, तिकडे राहिली असतीस तर कष्ट कमी पडले असते, पस्तावा होतो का? ती नाही म्हणाली. मी मोकळी आहे, असे तिने सांगितले. १८४८ च्या फेब्रुवारीत ती वारली.