क्रीडांगणाचें नांव



रस्त्याचें किंवा चौकाचें नांव बदलावयाचें म्हटलें कीं सभा होतात, वर्तमानपत्रांतून पत्रें येतात, क्वचित् मोर्चेहि निघतात. मुलांच्या क्रीडांगणाच्या नांवासाठीं एवढी धांदल कोणी करीत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र अशाच एका नांवाविषयीं. चाकांच्या खुर्चींतून येणारें मूल, पांढऱ्या काठीनें वाट चांचपीत येणारें मूल आणि उड्या मारीत येणारें मूल या सर्वांस एकत्र खेळतां यावें, अशीं क्रीडांगणें आतां कोठें कोठें होऊं लागलीं आहेत. अशा एखाद्या जागेचें जुनें नांव बदलून नवें द्यावयाचें झालें तर तें कोणाचें द्यावें? माझें मत असें कीं, त्या जागेसाठीं ज्यानें किंवा जिनें आपण होऊन, बिनपगारी खस्ता खाल्ल्या, त्या व्यक्तीचें द्यावें.

आपल्या भाषेंत नांव देणें आणि नांवें ठेवणें यांत अंतर फार थोडें आहे. मी शिक्षक असतांना एका शाळेंत पोलिओनें पाय अधू झालेला एक मुलगा होता. खेळाच्या तासाला तो मैदानाच्या कडेच्या निंबाखालीं बसे, इतरांच्या चपला सांभाळी आणि धांवा मोजी. त्याची मोजणी कधीं चुकत नसे. पंचापेक्षां मुलांचा त्याच्यावर विश्वास अधिक. तरी त्या निंबाखालच्या जागेला मुलांनीं जें नांव पाडलें, तें त्याच्या हिशेबावरून नव्हे, पायावरून! तें मी येथें उच्चारीत नाहीं. तो शाळा सोडून गेला, पण तें नांव राहिलें. ज्यांनीं त्याला कधीं पाहिलें नव्हतें, तीं मुलेंहि तें सहज घेत असत.

म्हणूनच "अपंग मुलांचें मैदान" अशी पाटी मला नको वाटते. ती लावणाराचा हेतु चांगला असतो. पण तिच्यामुळें धडधाकट मुलांना वाटतें, हें आपलें नव्हे. आणि आंत खेळणाऱ्या मुलाला दारांतच आपल्या उणीवेची आठवण दिली जाते. शिवाय हे शब्द टिकत नाहींत. काल अपंग म्हणत होतों, २०१६ पासून सरकारी कागदांत दिव्यांग आला, उद्यां तिसरा येईल. माणसाचें नांव असें शिळें होत नाहीं.

इंग्लंडांतलें एक उदाहरण सांगतों. १८९७ सालीं जन्मलेल्या लेडी अॅलन या पेशानें उद्यानरचनाकार. १९४६ सालीं त्यांनीं कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथें एक अजब मैदान पाहिलें. १९४३ सालीं, युद्धाच्या धामधुमींत उघडलेल्या त्या मैदानांत मुलें टाकाऊ लांकडें, विटा, खिळे घेऊन स्वतःच घरें बांधीत आणि मोडीत. बाईंनीं तो विचार लंडनला आणला. पुढें अपंग मुलांसहि असें मोकळें, थोडें धाडसाचें खेळणें मिळालें पाहिजे असा ध्यास घेऊन १९६६ मध्यें त्यांनीं त्यासाठीं संस्था उभी केली, आणि १९७० सालीं चेल्सी भागांत पहिलें मैदान सुरू झालें. त्या काळच्या रीतीप्रमाणें संस्थेच्या नांवांत अपंग या अर्थाचा शब्द होता. परंतु वाँड्सवर्थ भागांतल्या अशाच एका मैदानास नांव मिळालें तें लेडी अॅलन यांचें. बाई १९७६ सालीं वारल्या. त्यानंतर जन्मलेलें मूल त्या मैदानावर जातांना आपण कोठें जातों म्हणून सांगे, तेव्हां त्याच्या तोंडीं एका बाईचें नांव येई, स्वतःच्या आजाराचें नव्हे.

आपल्याकडे बंगळूरच्या कोल्स पार्कमध्यें २००६ सालीं कांहीं पालकांच्या पुढाकारानें असाच खेळाचा भाग तयार झाला. त्या पालकांच्या संस्थेचें नांव 'किलिकिलि'. कानडींत तो मुलांच्या खिदळण्याचा शब्द. नांव निवडणारे आईबापच होते, हें मला सूचक वाटतें.

कोणी म्हणेल, नवीं नांवें लोकांच्या जिभेवर बसत नाहींत. मुंबईंतलें गवालिया टँक पाहा. गाई धुण्याच्या तळ्यावरून पडलेलें तें नांव. तेथें ऑगस्ट १९४२ मध्यें 'चले जाव'चा पुकारा झाला आणि त्या मैदानास ऑगस्ट क्रांति मैदान म्हणूं लागले. दोन्ही नांवें अजून चालतात. पण दादरचें शिवाजी पार्क? १९२५ सालीं तें लोकांस खुलें झालें तेव्हां माहीम पार्क होतें. १९२७ सालीं महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवछत्रपतींचें नांव दिलें गेलें. माहीम पार्क हें नांव आज किती दादरकरांस ठाऊक असेल? लोकांना ज्याची गोष्ट सांगावीशी वाटते, तें नांव बसतें. अवंतिकाबाईंचें नांव मात्र तेथें येणाऱ्या शेंकडों मुलांपैकीं क्वचितच एखाद्यानें ऐकलेलें असेल.

खऱ्या कार्यकर्त्याला नांवाची हांव नसते, हाहि आक्षेप येतो. नसेलच. नांव त्याच्यासाठीं द्यावयाचें नसून मुलासाठीं द्यावयाचें आहे. "आजोबा, ही बाई कोण होती?" असें मुलानें विचारलें म्हणजे उत्तरांत राजा येत नाहीं, मंत्री येत नाहीं, देणगीदार शेठहि येत नाहीं. येते ती शेजारची एक बाई, जिनें पालिकेच्या कचेरींत खेटे घातले.

मात्र एक अट मी घालीन. मोटारसायकली आंत शिरूं नयेत म्हणून आपल्या बागांच्या दाराशीं लोखंडी खांब रोवलेले असतात. त्याच खांबांनीं चाकांची खुर्चीहि अडते. उतार बांधतात तो असा कीं, ढकलणाऱ्या आईला धाप लागावी. एक फूट चढावयास निदान बारा फूट लांबीचा उतार हवा, हें सरकारी मार्गदर्शक नियमांत लिहिलेलें आहे. मुलांच्या खेळण्याच्या समान हक्काची कलमें असलेला आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००७ सालींच मान्य केला आणि त्याला धरून २०१६ सालीं कायदाहि केला. तेव्हां आधीं खांब काढावे, उतार नीट करावा, मग पाटीवरचा पडदा दूर करावा. अडलेल्या दारावर सेविकेचें नांव म्हणजे तिचीच चेष्टा.

आणि ती पाटी उंच कमानीवर नको. खुर्चींत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतकी ती खालीं असावी. अक्षरें मोठीं, बोटांना लागतील अशीं उठावदार, आणि खालीं ब्रेल लिपींत तोच मजकूर. पदव्या व उद्घाटकांची यादी गाळून, त्या व्यक्तीनें येथें नेमकें काय केलें तें दोन ओळींत लिहावें.