मोटारीत वाजतात ते खडे नव्हेत

शनिशिंगणापूरचे नाव निघाले की उघड्या चौथऱ्यावरची शिळा आणि दारे नसलेली घरे आठवतात. गावाबाहेर सोनईच्या वाटेला लागले, की दिसतो तो ऊस, मुळा धरणाचा पाट आणि विहिरींवरच्या मोटारी. आज बोलायचे आहे ते या मोटारींविषयी.

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले, की वर बसवलेला पंप कधीकधी कडकड वाजू लागतो. आत खडे शिरलेत असे वाटते. पंप खोलून पाहावा तर खडा एकही नाही. पंख्यावर मात्र देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे पडलेले असतात. हे लोखंड कुरतडले कुणी? उत्तर आहे, पाण्याने.

पाणी उकळायला विस्तवच लागतो असे नाही. दाब पुरेसा उतरला तर गार पाणीही उकळते. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यावरचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चार टक्क्यांवर आला, की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. पंप पाणी ओढतो म्हणजे आपल्या तोंडाशी दाब कमीच करतो. हे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी पोहोचले, की एका क्षणात मिटतात. या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले.

पण गणित मांडणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. बुडबुड्याचा सारा जन्म-मृत्यू काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात नॅप आणि हॉलंडर यांनी सेकंदाला २०,००० चित्रे टिपून तो पडद्यावर सावकाश दाखवला. पुढे १९६० च्या दशकातल्या छायाचित्रांनी एक गुपित उघड केले. भिंतीजवळचा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. त्याची लांबची बाजू आधी आत घुसते आणि पाण्याची बारीक धार बुडबुडा भेदून भिंतीवर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतो. अशा धारा आणि बुडबुडे मिटतानाचे दाबाचे हादरे एकाच जागी लाखो वेळा बसले, की लोखंडही झिजते.

कान कसा फसतो याचे आणखी एक उदाहरण समुद्रात आहे. पिस्तूल कोळंबी आपली मोठी नांगी झटक्यात मिटते आणि फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. नांगीची दोन टोके आपटून तो येतो, असेच पूर्वी मानले जाई. २००० मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी सेकंदाला ४०,५०० चित्रे घेतली. नांगी मिटताना पाण्याची वेगवान धार सुटते, त्या धारेत बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो तेव्हाच आवाज येतो, हे त्यांत स्पष्ट दिसले. नांगी आपटण्याचा क्षण त्याच्या आधीचा होता.

या शक्तीला कामालाही जुंपता येते. मुंबईच्या यूडीसीटीतील, म्हणजे आजच्या आयसीटीतील, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये तेलाचे रासायनिक विघटन कॅव्हिटेशनच्या मदतीने करण्याविषयी शोधनिबंध लिहिला. आपल्या पंपात मात्र या शक्तीला थारा देणे परवडत नाही.

उपाय साधे आहेत. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर उचलू शकतो, आपल्या पठारावर त्याहूनही थोडे कमी. पाइपातले घर्षण धरता, पाण्याची पातळी आणि पंप यांत सहा मीटरांहून जास्त अंतर नसलेले बरे. पाणी खाली गेले की पंपही खाली उतरवावा. ओढीचा पाइप आखूड, सरळ आणि पुरेसा रुंद असावा. फूटव्हॉल्व्हची जाळी वेळोवेळी साफ करावी. पाणी कमी सोडायचे असेल तर पुढच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळावा, ओढीच्या बाजूचा कधीही नाही. आणि पंप खडखडला, तर खडे शोधत बसण्याआधी विहिरीत डोकावून पाणी किती खाली गेले आहे ते पाहावे.