घरची मोटार आणि सरकारी कर



व्याख्यानमालेत मोटारीच्या करासारखा रुक्ष विषय आम्ही का घ्यावा? कारण असे की, पगाराच्या तक्रारींप्रमाणेच गाडीची कागदपत्रे घेऊनही लोक हल्ली आमच्याकडे येतात. बापाने लेकाला गाडी दिली तर सरकार किती कापून घेणार, हा त्यांचा पहिला सवाल असतो. बहुधा काहीच नाही, हे ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही!

ही भीती जुनी आहे. काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून केंद्राने १९५८ साली देणगी-कर आणला. तो देणाऱ्यावर होता. १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या देणग्यांवर तो राहिला नाही. २००४ साली आयकराच्या रूपाने घेणाऱ्याकडे बोट वळले, पण नातेवाइकांना सूट मिळाली. शिवाय ज्या वस्तूंवर हा कर बसतो, त्यांच्या यादीत मोटार नाहीच. गाडीऐवजी वर्षात पन्नास हजारांवर रोख दिली, तर मात्र नाते मोजले जाते, आणि ते मोजमाप मोठे विचित्र आहे. काकाने पुतण्याला दिले तर माफ. पुतण्याने काकाला दिले तर काकाचे उत्पन्न! चुलतभाऊ तर या कायद्याच्या लेखी नातेवाईकच नव्हे. आमच्या वाड्यांत वाढलेल्या कोणी हा कायदा लिहिला नसावा.

भाड्याच्या मोटारीचा एक पेच आहे. नवऱ्याने मोबदला न घेता टॅक्सी बायकोच्या नावे केली, तरी तिची कमाई नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. सज्ञान मुलाला दिली तर ती मुलाची.

राज्याचा मोटार-कर खाजगी गाडीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नाव बदलले तर तो पुन्हा पडत नाही, फक्त फी पडते. जावई विजापूरचा असेल तर गोष्ट वेगळी. इथला ना-हरकत दाखला घ्यायचा, कर्नाटकचा कर तिथे भरायचा आणि इथला उरलेला परत मागायचा.

इतका कमी खर्च असूनही लोक नाव बदलत नाहीत. घरचीच गाडी, घाई कसली, म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या दाव्यात निकाल दिला. गाडी अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे होती. नुकसानभरपाई त्याच्याच माथी आली. तो बाप असता तरी निकाल हाच! म्हणून देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. विमा कंपनीला चौदा दिवसांत.

मालक वारला तर तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नाव लावून घ्यावे. इथे आम्ही नेहमी अडतो. धाकटा गाडी चालवत होता, म्हणून ती त्याची, असे घर गृहीत धरते. हिंदू वारसा कायद्यात विधवा, आई, मुलगे आणि मुली सारख्याच वारस आहेत. सासरी गेलेल्या बहिणीच्या संमतीवाचून अर्ज परत येतो, आणि तोवर गाडी मृताच्या नावावर अक्कलकोट रस्त्याने धावत असते.