पर्यावरणाचा पेपर आणि आपले इंदूर
(विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषण)



आज बाप्पासमोर ज्यांचे कौतुक झाले, त्यांतल्या काहींनी वरच्या वर्गात पर्यावरणशास्त्र घेतले आहे. काहींची चुलत-मावस भावंडे अमेरिकेत हाच विषय ‘एपी’ म्हणून, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीवर, शिकत आहेत. घरोघरी समज असा, की हा विषय सोपा. आदल्या रात्री वाचला तरी चालतो. आम्ही शिकवणारी मंडळी सांगतो, याच समजापायी हुशार मुलांचे गुण जातात.

‘एपी’च्या परीक्षेत ९० मिनिटांत ८० पर्यायी प्रश्न आणि ७० मिनिटांत ३ सविस्तर प्रश्न असतात. त्यांत प्रयोग आखायचा असतो, उपाय सुचवायचा असतो, गणितही करायचे असते. परीक्षा कोणतीही असो, तयारी या तीन गोष्टींची हवी.

पहिली, कारणांची साखळी. ‘खतांमुळे तलाव खराब होतो’ एवढ्याने भागत नाही. खतांतले नत्र व स्फुरद पाण्यात उतरते, शेवाळ माजते, ते मरून कुजते, कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरतात. २०२२ मध्ये रामसर यादीत आलेल्या आपल्या सिरपूर तलावावर उभे राहून ही साखळी एकदा मोठ्याने म्हणा. मग विसरणार नाही.

दुसरी, गणित. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येते. तिथून इंदूर साधारण ४०० मीटर उंच. हजार लिटर पाणी तेवढे चढवायला किती वीज लागेल? वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला, की किमान एक युनिटाहून थोडी जास्त, असे उत्तर येते. घाटमाथा आणि नळातले घर्षण धरले, तर आणखी वाढते. असे हिशेब एककांसह रोज एक करावा.

तिसरी, प्रयोग. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकाचे सहलेखक यशवंत वाड होते. जगभर गेलेले हे ज्ञान आपल्याच गावचे आहे. सुका पाला आणि ओला कचरा यांचे थर, बेताचा ओलावा, ठरावीक दिवसांनी उलथापालथ. सुमारे तीन महिन्यांत खत तयार.

म्हणून मुलांना आमचे सांगणे: यंदाच्या निर्माल्याचे दोन सारखे ढीग करा. वजन, पाला, ओलावा सगळे सारखे. फरक एकच, एक ढीग उलटायचा, दुसरा नाही. रोज ठरल्या वेळी दोन्हींचे तापमान वहीत लिहा. काय बदलले, काय स्थिर ठेवले, काय मोजले, हे ज्याला सांगता येते, त्याला प्रयोगाचा प्रश्न अवघड जात नाही.

आणि पालकांनो, ‘किती मार्क पडले?’ याच्या आधी ‘असे कशामुळे होते?’ हे विचारत जा. मूल अडखळेल, वही उघडेल, पुन्हा सांगेल. तीच खरी उजळणी. गुण मिळतीलच, शिवाय आपले पाणी कुठून येते आणि आपला कचरा कुठे जातो, हे जाणणारी पिढी या शहराला मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!