बारमाही काम



आज आपण बांधकामाच्या ठेक्याविषयी बोलू. आपल्या तेल्हाऱ्यात चांगल्या हाताचे मिस्त्री आहेत. पण एक घर उभे राहिले की पुढचे काम कुठे, हा घोर सगळ्यांना लागतो. असे का बरे होते?

साधा माणूस जन्मात एकदाच घर बांधतो. घर झाले की त्याच्याकडचे काम संपले. पण तेल्हारा, अकोट, अकोला इथे काही लोक प्लॉट घेतात, घरे बांधतात आणि विकतात, नाही तर भाड्याने देतात. ते पुन्हा पुन्हा बांधतात. काम लांबले की त्यांचे व्याज वाढते. म्हणून त्यांना शब्दाचा पक्का मिस्त्री लागतो.

असा मालक कसा जोडावा?

पहिली गोष्ट, हिशेब कागदावर द्या. वाळू किती ब्रास, विटा किती, दिवस किती, सारे लिहा. १ ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट. आता आपल्याला लिहिता येते. मग कागदाला का भ्यायचे?

दुसरी गोष्ट, पाया. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया पक्क्या मुरमापर्यंत न्या. खारपाणपट्ट्यातले खारे पाणी सिमेंटात घालू नका. आतली सळई गंजते. २०१६ चा रेरा कायदा ज्या घरांना लागू आहे, तिथे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधणीचा दोष निघाला, तर विकणाऱ्याला तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. मग ज्याच्या कामाला तडा जात नाही, त्या मिस्त्रीला तो कशाला सोडील?

तिसरी गोष्ट, एक काम अर्धे टाकून दुसरीकडे पळू नका.

पण आपलेही हित पाहा. पाया, जोते, स्लॅब असे टप्पे करारात लिहून घ्या. एका टप्प्याचा पैसा हाती आला की पुढचा टप्पा धरा. उधारी तुंबली, तर गड्यांची मजुरी कुठून देणार? एकाच मालकावर विसंबू नका, दोन-तीन जोडा. आपल्या गड्यांना आणि बायांना वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला द्या. त्यावर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी होते. अशा मिस्त्रीची माणसे टिकतात, आणि माणसे टिकली तर काम वेळेत होते.

आज रात्री वही घ्या. आपण बांधलेल्या मागच्या घराला माल किती लागला, दिवस किती गेले, ते लिहून काढा. नव्या मालकाकडे जाताना ती वही सोबत न्या.